खंडू सरांची हाक

खंडू सर शिट्टी वाजवत नसत. शाळेच्या कपाटात नव्याकोऱ्या शिट्ट्या पडून होत्या, पण त्यांनी त्यांना कधी हात लावला नाही. संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभे राहून ते दोन्ही तळवे तोंडाशी धरायचे आणि पोटातून आवाज काढायचे, "हुर्रर्रऽऽ योऽऽ!" तो ऐकला की मैदानभर पांगलेल्या पोरी पळत येऊन आपल्या गोलपुढे गोळा व्हायच्या. "हाऽऽ हाक्!" असा आवाज आला की त्याच पोरी पुढे पसरायच्या. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी ती पहिली हाक ऐकून मला वाटलं, कुणाचं तरी जनावर विहिरीत पडलं. शिपाई शांतपणे म्हणाला, "घाबरू नका म्याडम, खेळाचा तास चालू हाये."

सर मूळचे धावड्याचे. घर मेंढपाळाचं. लहानपण कळपामागे गेलेलं. पुढे शिकले, क्रीडाशिक्षक झाले, शहागडच्या अलीकडे हमरस्त्याला चिकटलेल्या आमच्या गावच्या शाळेत लागले. गाव सुटलं, पण हाका त्यांच्याबरोबर आल्या. मी एकदा विचारलंच, "सर, सगळं जग शिट्टी वाजवतं. तुम्हालाच तिचं वावडं का?"

"शिट्टी पंचाची असती म्याडम. दोन शिट्ट्या झाल्या तर पोरींनी कुणाचं आयकायचं?" ते म्हणाले. मी भूगोल शिकवते. पृथ्वी चेंडूसारखी पूर्ण गोल नाही, एवढाच माझा आणि फुटबॉलचा तोवरचा संबंध होता.

मैदान म्हणजे गायरानाचा एक सपाट तुकडा. तिथलं गवत कापायला यंत्र नव्हतं आणि सरांना ते नकोही होतं. गावातल्या मेंढपाळांशी त्यांचा तोंडी करार होता. सकाळी मेंढरं चरणार, संध्याकाळी पोरी खेळणार. मेंढरं गवत इतकं बारीक आणि सारखं खातात की पाहत राहावं. फक्त खेळाआधी पोरींना खराट्याने लेंड्या झाडाव्या लागत आणि त्या शाळेच्या लिंबांना खत म्हणून जात. "लेंड्या झाडल्याबिगर चेंडू न्हाई," हा सरांचा नियम. तालुक्याहून पाहुणे आले तरी तो मोडत नसे. एकदा एका पाहुण्यांच्या हातातही त्यांनी खराटा दिला होता.

खेळ शिकवताना त्यांचं एकच पालुपद असे, "जल्दी नको, बराबर पायजे." कुणी चेंडूमागे आंधळी धावली की ते कळवळून म्हणायचे, "अगं, चेंडूला पाय हायेत का? तो कुठं जाऊन राह्यला? तू तुझ्या बाजूच्या पोरीकडं बघ." पोरी नुसत्या चेंडूकडे बघू लागल्या की त्या एकमेकींपासून सुटतात आणि मग हरतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

दोन वर्षांपूर्वी त्या मैदानावर संक्रांत आली. हमरस्त्यावर ट्रक वाढले होते आणि सरपंच तात्यांच्या मनात आलं की मैदानावर मुरूम टाकून ट्रकतळ करावा. तात्या माणूस वाईट नव्हता, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की निघत नसे. सर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. त्याच हिवाळ्यात ग्रामीण शाळांच्या मुलींची देशपातळीवरची चषक स्पर्धा होती. बादफेरीची, म्हणजे एकदा हरलं की सामान उचलायचं आणि घर गाठायचं. आमच्या पोरी राज्यातून निवडल्या गेल्या होत्या. तात्या चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "खंडू, तुझ्या पोरी कपात हायेत तवर मैदान तुझं. हरल्या की दुसऱ्या दिवशी मुरूम पसरला म्हणून समज."

"आन् कप आणला तर?"

"कप?" तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. "कप आणला तर मैदानाला कुणी हात लावणार न्हाई. माझा शब्द."

"बराबर," सर म्हणाले आणि उठले.

तात्यांना स्वतःच्या अंदाजाची इतकी खात्री होती की आम्ही निघायच्या आधीच त्यांनी मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला मुरमाचा भलामोठा ढीग टाकून घेतला. रोज सरावाला येताना पोरींच्या डोळ्यांसमोर तो ढीग. मला त्याचा भयंकर राग यायचा. सर मात्र म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या म्याडम. समोर लांडगा दिसून राह्यला की मेंढरं फुटत न्हाईत."

मुलींच्या संघाबरोबर एक शिक्षिका हवी, असा नियम होता. बाकीच्या बायांना एकाएकी पाहुणे, बारसं, गुडघेदुखी असं सगळं निघालं आणि माझ्यासारखी नवखी सापडली. तेव्हा मी कुरकुर केली होती. आज कुणी मला त्या प्रवासाच्या बदल्यात काहीही देऊ केलं तरी मी तो देणार नाही.

सामन्याआधी पोरी खांद्याला खांदा लावून रिंगण करायच्या आणि ओरडायच्या, "मुरूम पडू द्यायचा न्हाई!" ही घोषणा त्यांची त्यांनीच काढली होती. पहिल्या फेरीत परराज्यातल्या एका आयोजकांनी मला आदराने विचारलं, "मुरूम ही आपली ग्रामदेवता का?" मी म्हटलं, "हो, सध्या तीच." त्यांनी लांबूनच हात जोडले.

ती फेरी आम्ही जिंकली, पुढचीही जिंकली. समोरच्या पोरी आमच्याहून उंच होत्या, त्यांचे बूट चांगले होते. पण "हुर्रर्रऽऽ योऽऽ" झालं की आमच्या पोरी गोलपुढे अशा दाटायच्या की चेंडूला वाट मिळायची नाही आणि "हाऽऽ हाक्" झालं की समोरच्यांना कळायच्या आत त्या पुढे पोहोचलेल्या असायच्या. कर्णधार होती मंगल. सावळी, कमी बोलणारी, बापाबरोबर मेंढरं राखून शाळेत येणारी. आणि पुढे खेळणारी रेणुका, जिची जीभ आणि पाय दोन्ही एका जागी थांबत नसत. जिंकलो की सर तात्यांना फोन लावायचे आणि एवढंच म्हणायचे, "तात्या, अजून हाये मैदान." पलीकडून काय उत्तर यायचं ते आम्हाला कळत नसे, पण सरांच्या मिशा हलायच्या.

उपांत्य सामना ज्या गावात होता तिथलाच संघ समोर होता. मैदानाच्या भिंतीवर सगळा गाव चढून बसलेला. तिथेच झालेल्या आधीच्या फेरीपासून ती मंडळी सरांच्या हाका ऐकत होती आणि माणसं हुशार होती. रेणुका चेंडू घेऊन गोलजवळ पोहोचली, आता मारणार, एवढ्यात भिंतीवरून आवाज आला, "हुर्रर्रऽऽ योऽऽ!" रेणुकाने चेंडू जागच्या जागी सोडला आणि उलटी पळत सुटली. तिच्यामागे बाकीच्याही पळाल्या. चेंडू तिथेच एकटा पडलेला. भिंत हसून हसून पडायच्या बेतात आली. जगात दुसऱ्या कुठल्या संघाने अशी चूक केली नसती. हाक आली की वळायचं, हे आमच्या पोरींच्या अंगात मुरलं होतं.

सर ओरडले, "म्या न्हाई हाकारलं! म्या न्हाई!" पण तोवर भिंतीला चव लागली होती. थोड्या वेळाने चेंडू आमच्या गोलकडे येत असताना भिंतीवरून "हाऽऽ हाक्!" झालं, आमच्या पोरी पुढे धावल्या आणि मागे गोलरक्षक एकटी उरली. गोल झाला. मध्यंतराला आम्ही मागे होतो. मला तो मुरमाचा ढीग डोळ्यांसमोर दिसायला लागला.

पोरी रडत होत्या. सर पाणी प्यायले, गळ्यातला रुमाल काढून तोंड पुसलं आणि मंगलच्या समोर उकिडवे बसले.

"माझी हाक चोरीला गेली पोरींनो. आता कुणी बी हाकारलं, अगदी म्या हाकारलं तरी आयकायचं न्हाई."

"मंग आमी कुणाचं आयकायचं सर?" मंगलने विचारलं.

"तुझं. कळपात पुढं चालणारी एक मेंढी असती, तुला म्हाईत हाये. मेंढक्या झोपला तरी ती बराबर मान वळवती आन् बाकीच्या वळत्यात. मी झोपलो असं समज."

"आन् माझं चुकलं तर?"

सर म्हणाले, "चुकलं तर हारू. मैदान जाईन. तरी बी त्या तुझंच आयकतील."

मला राहवलं नाही. "सर, मैदान पणाला लागलंय आणि तुम्ही झोपता?"

"म्याडम, मी वरडलो की ती भिंत बी वरडती," ते म्हणाले. "आन् ह्या पोरी माझ्या हाकेवर किती दिस खेळणार?"

उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा त्यांनी रुमालाची गुंडाळी करून दातांत धरली. आयुष्यभर पोटातून ओरडलेला तो माणूस रुमाल चावत रेघेवर उभा होता. चेंडू आमच्या गोलजवळ आला की त्यांच्या मानेच्या शिरा फुगायच्या, दोन्ही हात आपोआप तोंडाकडे जायचे आणि मग ते स्वतःच ते हात पाठीमागे बांधायचे. भिंतीवरून हाकांचा नुसता धुरळा उडाला होता. पहिल्यांदा दोघी-तिघी चुकून वळल्या. मंगल जागची हलली नाही. तिने नुसती मान वळवली, आणि त्या थांबल्या.

तिथून पुढे सगळा खेळ तिच्या मानेवर चालला. मंगल डावीकडे बघायची, सगळ्या डावीकडे सरकायच्या. ती मागे यायची, सगळ्या मागे दाटायच्या. भिंतीवरची मंडळी घसा बसेपर्यंत ओरडली आणि शेवटी गप्प झाली. रेणुकाने एक गोल केला. मग मंगलने स्वतः मागून चाल करत दुसरा केला. सामना संपला तेव्हा त्याच भिंतीवरच्या लोकांनी आमच्या पोरींसाठी टाळ्या वाजवल्या, हेही सांगायला हवं. सरांनी फोन लावला आणि बसलेल्या आवाजात म्हणाले, "तात्या, अजून हाये."

अंतिम सामना डोंगराळ राज्यातल्या संघाशी होता. त्या पोरी वाऱ्यासारख्या पळायच्या. तिथे हाक चोरणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "सर, आता तरी ओरडा." त्यांनी मान हलवली आणि रुमाल तोंडात धरला. "दिलेलं माघारी घेत न्हाईत म्याडम," एवढं म्हणायला त्यांनी तो क्षणभर काढला होता.

सामना बराच वेळ कोरा राहिला. आमची गोलरक्षक दोनदा आडवी झेपावली, एकदा चेंडू खांबाला लागून परतला आणि मी, जिला ऑफसाइड अजून नीट समजत नाही, पंचाशी हुज्जत घालायला निघाले होते. सरांनी मला पदराला धरून मागे ओढलं. शेवटच्या काही मिनिटांत मंगलच्या पायात चेंडू आला. समोर मोकळी जागा होती, मारावा असा मोह होईल अशी. ती थांबली. जल्दी नको, बराबर पायजे. तिने मान उजवीकडे वळवली, समोरच्या सगळ्या उजवीकडे झुकल्या आणि तिने चेंडू डावीकडून निघालेल्या रेणुकाला दिला. रेणुकाने तो असा हाणला की जाळी मागे ताणली गेली.

शिट्टी झाली. आम्ही देशाचा चषक जिंकला होता. मी उड्या मारत होते, रडत होते, शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारत होते. सर मात्र रेघेवर तसेच उभे. तोंडात रुमाल तसाच, काढायचं भानच नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहून मिशा भिजलेल्या. तेव्हा मैदानाच्या मध्यावर जमलेल्या सगळ्या पोरींनी हात तोंडाशी धरले आणि एका सुरात हाकारलं, "हुर्रर्रऽऽ योऽऽ!"

आणि खंडू सर पळाले. निवृत्तीला आलेला, गुडघे कुरकुरणारा तो माणूस हाक आल्यासरशी वळला आणि रुमाल दातांत धरून भर मैदानातून पोरींकडे पळत सुटला.

गावी परतलो तेव्हा रस्त्याच्या कडेला ट्रकवाले थांबून भोंगे वाजवत होते आणि मुरमाच्या ढिगावर सगळा गाव बसला होता. तात्या हार घेऊन पुढे आले. सरांच्या गळ्यात तो घालताना म्हणाले, "जिंकलास गड्या. आता ह्या मुरमाचं काय करू ते तूच सांग."

सरांनी ढिगाकडे पाहिलं. "ऱ्हाऊ द्या. बसायला बराबर हाये." पुढे तात्यांनीच त्या ढिगाला पायऱ्या पाडून घेतल्या. आता सामना असला की सगळ्यात आधी येऊन वरच्या पायरीवर तेच बसतात.

गेल्या उन्हाळ्यात सर निवृत्त झाले आणि धावड्याला भावांच्या मेंढरांत परत गेले. पोरींचा संध्याकाळचा सराव आता मंगल घेते. ती कॉलेजात शिकते आणि पाच वाजता न चुकता येते. मी कधीमधी मैदानावरून सरांना फोन लावते. ते माझी खुशाली विचारायच्या आधी गवताची विचारतात, "केवढं झालंय? मेंढरं येऊन राह्यलीत ना?"

परवा असंच बोलत होतो आणि मागून मंगलने हाक दिली. नेहमीचं "हुर्रर्रऽऽ योऽऽ", पण तिच्या आवाजातलं, बारीक आणि लांब जाणारं. पोरींच्या धावण्याचा धबधब आवाज झाला.

"आल्या का सगळ्या?" फोनवरून सरांनी विचारलं.

"आल्या सर. सगळ्या."

"मंग बराबर हाये," सर म्हणाले.