रंगाऱ्याची सतरा झाडं

हिरव्यागार झाडाला कान लावून "हे गेलं" म्हणणारा माणूस कोणाला आवडणार? जंगलखात्यातला रंगारी नेमका तसा होता. त्याचं खरं नाव पगारपत्रकात तेवढं उरलं होतं. सालीखाली शिरणाऱ्या किड्यानं पोखरलेला पाइन शोधायचा आणि त्याला तांबडा पट्टा मारायचा, हे काम त्यानं एकतीस वर्षं केलं. झाड वरून टवटवीत दिसे, म्हणून मालक हुज्जत घालत. दोन महिन्यांनी तेच झाड शेंड्यापासून विटकरी होई, आणि मग लोक रंगाऱ्याकडेच संशयानं बघत, जणू याचीच दृष्ट लागली.

एका झाडाला पट्टा मारून भागत नसे. किडलेल्या झाडांभोवतीची धडधाकट झाडंही पाडायची, म्हणजे किडा तिथल्या तिथे संपतो. तोडायचा तुकडा लहान असला तरी झाडं पाडायचं यंत्र तेवढंच मोठं. ते ट्रकवरून आणायचं, दहा-पंधरा झाडांसाठी सगळा उतार चाकांखाली दडपायचा, आणि लाकूड निघायचं किड्यामुळे पडलेल्या निळ्या डागांचं, निम्म्या भावाचं.

"डिझेलचासुद्धा खर्च भरून निघत नाही," साहेब कुरकुरायचे.

"डोंगर वाचतो ना, साहेब?" रंगारी म्हणायचा. त्याचा त्यावर मनापासून विश्वास होता.

तोडीआधी त्या तुकड्यात वासाची पाकिटं टांगत. माणसाला तो वास येत नाही, पण किडे लांबून धावत येतात आणि आयतेच सापडतात. काम झालं की पाकिटं मोजून परत करायची. एका उन्हाळ्यात रंगाऱ्यानं अकरा परत केली आणि घाईत बारा लिहिली.

तो थोरल्या बहिणीकडे राहायचा. ताईला चार वर्षांत दाराची बेल ऐकू आली नव्हती. हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागे; समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून ओळखे. एके दुपारी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मागे कोणीतरी काहीतरी कुरतडतंय रे."

"तुला ऐकू येतंय?" तो हसला.

"तेवढंच येतंय."

त्याचं हसू विरलं. घरामागच्या उतारावर सतरा पाइन होते आणि त्यांच्या मुळांशी झरा होता. घराचं पिण्याचं पाणी तिथूनच येई. तो मागे गेला. दोरीवरच्या कपड्यांवर कॉफीच्या भुकटीसारखा बारीक भुसा पडला होता. पहिल्या झाडाच्या खिळ्याला त्याचं कामाचं जाकीट टांगलेलं होतं आणि जाकिटाभोवतीच्या सालीची चाळण झाली होती. त्यानं आतल्या खिशात हात घातला. हाताला बारावं पाकीट लागलं.

पट्टा त्याच दिवशी मारायला हवा होता. तीन आठवड्यांत किडे पुढच्या झाडांकडे उडतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पण पट्टा मारला की झाडं जाणार, झऱ्यावरून यंत्र फिरणार आणि ताई विचारणार, "इथे कसा आला किडा?" त्यानं पाकीट जाळून टाकलं आणि रोज ताईच्या आधी धावत जाऊन दोरीवरच्या कपड्यांचा भुसा झटकू लागला. असे वीस दिवस गेले. एकविसाव्या दिवशी साल हात लावताच सुटून आली, तेव्हा कुठे त्यानं रंगाचा डबा उघडला. कचेरीत सांगितलं, किडा डोंगरावरून आला.

यंत्र सकाळी दहाला सुरू झालं आणि जेवणाच्या सुट्टीआधी सतरा झाडं आडवी झाली. उतारावर चाकांच्या दोन खोल चऱ्या पडल्या. नळाला तांबडा गाळ आला. ताई ते पाणी फडक्यानं गाळत राहिली. तिनं चांगलं फैलावर घेतलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी खुंटांमध्ये उभी राहून ती म्हणाली, "अजून येतोय आवाज."

"कसला येणार? सगळं नेलं की." त्याला राहवेना. तो हळूच म्हणाला, "ताई, ते पाकीट माझ्या खिशात राहिलं होतं."

"काय?"

'काही नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्याला स्वतःचीच शिसारी आली. तिच्या कानाशी तोंड नेऊन तो ओरडला, "मीच आणला किडा! माझ्या खिशातून!"

समोरच्या डोंगरावरून त्याचेच शब्द परत आले.

ताई त्याच्याकडे बघतही नव्हती. "तू काहीतरी लपवतोयस, हे मला ठाऊक होतं. वीस दिवस माझे कपडे झटकत होतास, मला काय डोळे नाहीत? मी वेगळंच विचारतेय. हा वरून येतोय, तो कसला आवाज?"

वर सगळा डोंगर हिरवागार होता. वारा नव्हता, एक पाखरू बोलत नव्हतं. तो चऱ्या ओलांडून पहिल्या झाडापाशी गेला, सालीला कान लावला आणि पट्टा मारला. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. ताई खालून बोटानं दाखवत होती, हे, ते, त्याच्या मागचं, आणि ती एकदाही चुकली नाही. ऊन कलायच्या आत डब्यातला रंग संपला. तिचं बोट अजून वरच होतं.