अण्णांना आणायचं काम कोणाकडे?

माझ्या मेहुण्याइतका दमवणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर कृपा करून मला सांगू नका. संगमनेरात घरी बसून तो पुण्याच्या एका कंपनीसाठी मोटारींच्या आतलं सॉफ्टवेअर करतो. म्हणजे काय, हे त्यानं मला इतक्यांदा समजावलंय की मी आता झोपेतही सांगेन. मोटारीत दारं, दिवे, काचा यांचे आपापले छोटे कॉम्प्युटर असतात आणि ते दिवसभर एकमेकांना निरोप धाडत असतात. कुणाचा निरोप कुणाला जायचा हे पूर्वी कायमचं बांधून टाकलेलं असे. याला ते हवं तेव्हा बदलता यायला हवंय. "दाजी, निरोप देणाऱ्यानं नुसता सोडून द्यायचा. घ्यायचा कोणी, ते सेटिंगमध्ये," असं तो म्हणतो. मी मान हलवतो. दूध संघात दिवसभर डोकं पिकवून आलेला माणूस दुसरं काय करणार?

बरं, हे मोटारीपुरतं ठेवावं की नाही? त्यानं घरालाही तेच लावलं. कोणी कोणाला नावानं काम सांगायचं नाही. गॅस संपला की ग्रुपवर "गॅस संपला" एवढंच. आणायचा कोणी, ते मोबाईलवरच्या तक्त्यात, आणि तक्ता घरातल्या कोणीही, केव्हाही बदलावा. एकदा मी जेवायला गेलो तर भाजी वाढायला कोणी उठेचना. वाढायचं काम त्या दिवशी माझ्या नावावर टाकलेलं होतं. त्याची बायको शाळेत शिकवते. बिचारीनं आधी भांडून पाहिलं, मग तीही तक्ता बदलायला शिकली.

तिथंच घोळ झाला. माझे सासरे, म्हणजे अण्णा, नगरला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून नेत्रशिबिराच्या गाडीनं परतायचे होते. मेहुण्याला मीटिंग, म्हणून त्यानं अण्णांना आणायचं काम बायकोच्या नावावर टाकलं. तिच्या शाळेत तपासणी, म्हणून तिनं ते, न सांगता, परत त्याच्या नावावर केलं. दुपारी ग्रुपवर अण्णांचा आवाज आला, "मी स्टँडवर उतरलोय." दोघांनी ऐकला आणि दोघं निर्धास्त राहिले.

उन्हं कलल्यावर मला फोन. "जावईबापू, मोकळे हाय का? घरी समदे कामात असत्याल." गेलो. एका डोळ्याला पट्टी, मांडीवर पिशवी, आणि कुठलीही मोटार जवळ आली की अर्धवट उठून परत बसणारे अण्णा.

घरी पोचलो तर मेहुणा दारातच उभा होता. अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. "निरोप तर दिल्ता रे म्या," एवढंच म्हणाले. तो खाली बसून त्यांच्या वहाणा काढायला लागला.

नंतर मला बाहेर सोडायला आला तेव्हा म्हणाला, "दाजी, मोटारीत ब्रेकचा निरोप कुठं जायचा, ते आम्ही कुणालाच बदलू देत नाही. कळत होतं मला." तक्ता अजून आहे, पण अण्णांचं काम त्यातून त्यानं काढून टाकलंय. मीटिंग चालू असली तरी उठून तो स्वतः विचारायला जातो, "अण्णा, कुठं जायचंय का?" अण्णा प्रेमानं म्हणतात, "न्हाई रे, तू कर तुझं काम."

आणि तो आत गेला की हळूच मला फोन लावतात.