डब्याला दुसरं भोक

शेवटचं भेटले तेव्हा विनायकभाऊजींना धड श्वास घेता येत नव्हता, आणि ते छताकडे बोट दाखवून मला सांगत होते, "वहिनी, पंखा ऐका. बेअरिंग गेलंय." म्हटलं, "अहो, पंख्याचं राहू द्या, स्वतःच्या छातीचं बघा!" तर हसले. पुढच्याच आठवड्यात गेले. महिना उलटला, पण धाकट्या दिरावरचा माझा वैताग काही ओसरत नाही. सासरी आल्यापासून पोसलेला आहे तो, असा जाईल कसा...

स्वातंत्र्यानंतरच्या दशकातली गोष्ट. हरिहरेश्वराजवळच्या आमच्या वाडीत भाऊजींनी कुणा साहेबाने टाकून दिलेली जुनी मोटर आणून उभी केली. इंजिन पार उकलून पडवीत मांडलं. मी पापड वाळत घालायला जावं, तर तिथे पिस्टन! वर बोलून बसले, की कुसुम लग्नाला म्हसळ्याला जाईल ती आपल्या मोटरीतून. कुसुम म्हणजे आमची नणंद, भाऊजींची धाकटी बहीण. लग्न व्याह्यांच्या दारी होतं. त्यांनाही यांनी कळवून टाकलं.

इंजिन जोडून झालं. अंगणात मोटर अशी गुरगुरायची, की ऐकत राहावं. सपाट रस्त्यालाही झकास. पण माणसं भरून म्हसळ्याचा घाट लागला, की अर्ध्या चढावर आचके द्यायची, खोकायची आणि बंद. मग भाऊजी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायचे. ते असायचं. तोवर सासूबाई घाटातल्या देवीपुढे नारळ फोडायच्या, आणि मोटर चालू! जरा वर गेलं की पुन्हा तेच.

"देवी मागतेय रे," सासूबाई म्हणायच्या.

"आई, देवी नाही, कार्ब्युरेटर मागतोय!"

कार्ब्युरेटर धुतला, प्लग बदलले, नळ्या तोंडाने फुंकल्या. जेवायला बसले की पानावर पेट्रोलचा वास. आणि दर खेपेला मोटरीत वजन हवं म्हणून मला हाक. "चला वहिनी, तुमच्याइतकं भरभक्कम घरात आहे कोण?" मी आणि नारळाची पोती, एकाच भावाने!

लग्न तोंडावर आलं. कुसुम मला हळूच म्हणाली, "वहिनी, दादाला सांग ना, मी एसटीने जाते." भाऊजींनी ते ऐकलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले. अखंड बडबडणारा माणूस असा गप्प झाला, की घरात वावरवत नाही... मी खोबरेलाच्या नव्या डब्यातून तेल ओतत होते. भोक एकच पाडलेलं, तेल गुडुक गुडुक करत अडायचं. आधीच डोकं फिरलेलं. खिळा घेतला, समोरच्या बाजूला दुसरं भोक पाडलं. धार सुरळीत लागली.

"वहिनी!" असे ओरडले, की डबाच निसटला हातातून. "झाकण! मीच बुजवलं हो ते!"

टाकीच्या झाकणाला मुळात बारीक भोक होतं, हवेसाठी. पण आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने बादलीपासून कंदिलापर्यंत सगळ्याला भोकं पडतात, आणि भोक दिसलं की कल्हईवाल्याकडून डाख लावून घ्यायचा, ही आमची रीत. तसा यालाही लावून घेतला! चढावर इंजिनाला पेट्रोल जास्त हवं, आणि आत हवाच शिरेना म्हणून टाकी ते सोडेना. बघायला झाकण उघडलं की हवा आत, मोटर चालू, आणि नाव देवीचं!

लग्नाच्या दिवशी कुसुम, सासूबाई आणि मी. मोटर एका दमात घाट चढत होती. देवीचं ठिकाण आलं आणि सासूबाई म्हणाल्या, "थांब रे, नारळ!"

"आई, भर चढ आहे! मुहूर्त गाठायचाय!"

"अडत होतास तेव्हा दिलास, आता चालतेय तर तोंड फिरवतोस?"

कपाळाला हात लावून थांबले. नारळ फुटला. भरल्या मोटरीने त्याच चढावर पुन्हा निघायचं होतं. कुसुमने माझा हात घट्ट धरला... आणि मोटर निघाली! घाटमाथा येईपर्यंत भाऊजींनी मागे वळून पाहिलं नाही. नुसता हॉर्न वाजवत होते, रस्त्यात चिटपाखरू नसताना.

तो खिळा त्यांनी सुतळी बांधून माझ्या फळीखाली टांगला. पुढे कायम, तेलाचा नवा डबा आला की भाऊजी हजर. दोन्ही भोकं स्वतः पाडायचे, वर मलाच शिकवायचे, "समोरासमोर हवीत हं वहिनी." जसं काही मला माहीतच नव्हतं!

परवा नवा डबा आणला. मीच भोक पाडलं, एक. तेल गुडुक गुडुक करत अडायला लागलं. खिळा हातातच होता... पण दुसरं काही पाडवेना.