कोंडवाड्यातली छत्री

गावात माझे उद्योग तीन. पशुखाद्याचं दुकान, साठेक मेंढरं आणि नगरपंचायतीचं मेंबरपद. पहिल्या दोहोंनी पोट भरतं, तिसऱ्यानं ते दुखतं. त्यातली मेंढरंही नावालाच माझी. ती राखतात माझे थोरले चुलते, आप्पा. मी फक्त चारचौघांत "आमची मेंढरं" म्हणतो, आणि आप्पा मान दुसरीकडं फिरवतात.

निवडणुकीला उभा राहिलो तेव्हा मला छत्री हे चिन्ह मिळालं. आटपाडीच्या या बाजूला पावसाचा आणि आमचा फारसा परिचय नाही, त्यामुळं पहिल्या सभेतच मागून कुणीतरी ओरडलं, "वापरायची कवा, ते बी सांगा!" लोकांच्या लक्षात राहील असं काहीतरी करायला हवं होतं. आमच्याकडं मेंढरं ओळखू यावीत म्हणून पाठीवर रंगाचा एखादा पट्टा ओढतात. मी त्याच्या पुढं गेलो. दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं आणि कळपातल्या काळ्याभोर मेंढ्याच्या दोन्ही कुशींवर पांढरी छत्री काढून घेतली. ऑइलपेंटमध्ये. दोन हात.

मेंढा प्रभागभर हिंडला आणि मी निवडून आलो. मतं मला पडली की मेंढ्याला, हा वाद आप्पांच्या मते मिटलेला आहे.

रंग मात्र निघेना. रॉकेल झालं, साबण झाला. आप्पा म्हणाले, "आरं, पट्टा वढत्यात मेंढराला. भिंत हाय का ती? आता पुढच्या कातरणीपतोर मिरव."

मीही मिरवलं. मेंढा महिनाभर दुकानापुढं बांधून ठेवला. आमची पेंड खाल्ली की जनावर असं होतं, हे गिऱ्हाइकाला तोंडानं सांगावं लागू नये म्हणून.

आता ठरावाकडं येतो. समोरच्या हॉटेलवाल्याच्या दोन गाई दिवसभर बाजारात मोकाट फिरायच्या आणि माझ्या दुकानातली पोती फाडायच्या. त्याला सांगितलं तर तो म्हणायचा, "मेंबर, जाहिरात हाय ती तुमचीच. गाईला पसंत हाय म्हंजे माल चांगला." मग मी सभेत ठराव मांडला की बंद पडलेला कोंडवाडा पुन्हा सुरू करावा. दंड ठेवायचा नाही, दंड लोक तोंडावर फेकून जातात. मालकानं स्वतः यायचं, "मी माझं जनावर मोकाट सोडून गावाला त्रास दिला, मला माफ करा" असं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून द्यायचं, आणि ते घंटागाडीच्या भोंग्यावर सगळ्या गावाला ऐकवायचं. कुणाचाही वशिल्याचा फोन चालणार नाही. सात दिवसांत मालक आला नाही तर लिलाव.

हे कलम लिहिताना मला भोंग्यावर हॉटेलवाल्याचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू येत होता. ठराव एकमतानं पास झाला. कोंडवाड्यावर माणूसही मीच शोधून नेमला, फौजेतून निवृत्त झालेला हवालदार. हुकूम म्हणजे हुकूम, असा माणूस.

सोमवारी कोंडवाड्याचा नारळ फोडला. मंगळवारी सकाळी मी हॉटेलात चहा पीत हॉटेलवाल्याला कलमं समजावून सांगत होतो, तेवढ्यात तिकडं दुकानापुढं मेंढ्यानं सुतळी तोडली. दावं घरी राहिलं होतं म्हणून मी त्याला पोत्याच्या सुतळीनं बांधलं होतं. एवढ्या मोठ्या मेंढ्याला पोत्याची सुतळी! हे माझ्या मेंबरपदात बसतं, मेंढपाळाच्या घराण्यात नाही. मेंढा सरळ नगरपंचायतीच्या दारात गेला आणि सुशोभीकरणाचा झेंडू त्यानं ओळीनं खाल्ला. हवालदारानं त्याला रीतसर अटक केली. कोंडवाड्याच्या वहीत पहिली नोंद पडली, "मेंढा, काळा, एक. कुशीवर छत्री."

मी फोन केला. हवालदार म्हणाला, "मेंबर, कलम सहा वाचून दाखवू का?"

"अहो, मीच लिहिलंय ते."

"मग पाठ असंल. जय हिंद." फोन ठेवला.

सात दिवस गप्प बसावं, लिलावात एखाद्या माणसाकरवी मेंढा परत घ्यावा, असा माझा बेत होता. संध्याकाळी आप्पा घरी आले. उंबऱ्यातच उभे राहिले.

"मेंढा कुठाय?"

"आहे. सुरक्षित आहे."

"कोंडवाड्यात हाय. साऱ्या गावाला ठावं हाय. गुरुवारी सकाळी मी मेंढरं घिऊन निघतोय. कऱ्हाड, मलकापूरच्या पुढं, उसाच्या रानातनं खतासाठी बसवायची ठरल्यात. लोकं वाट बघत्यात. आता चार-पाच म्हैनं माघारी येणं न्हाई. एकच मेंढा हाय कळपाला. त्यो न्हाई आला तर औंदा कोकरू न्हाई."

"आप्पा, दोन दिवस थांबा की."

"हितं चारा थांबलाय व्हय?" एवढं बोलून ते गेले. चहा न घेता गेले, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

बायकोला म्हणालो, "तू जाऊन सोडवून आण. बाईमाणसाला हवालदार नाही म्हणणार नाही."

ती म्हणाली, "आवं, भोंग्यावर माझा आवाज लावायचा? छत्रीवर मी उभी व्हते का?"

बुधवारी दुपारी मला युक्ती सुचली. छत्री आहे म्हणून मेंढा माझा. छत्रीच नसेल तर तो कुठल्याही मेंढपाळाचा. मग आप्पांनी खुशाल आपला म्हणून सोडवावा. मेंढपाळाचा आवाज भोंग्यावर आला तर गाव काही हसत नाही. मी लोकर कातरायची कातर पिशवीत घातली आणि हवालदार जेवायला जातो ती वेळ गाठून कोंडवाड्यामागं गेलो. मला बघून मेंढ्याला इतका आनंद झाला की तो गजाला चिकटून उभा राहिला. गजातून हात घालून मी छत्रीचं कापड कातरून काढलं. दांडा उरला होता. आता या कामात माझा हात किती चालतो हे आप्पांना विचारा. मेंढ्याची ती कूस उंदरांनी कुरतडलेल्या घोंगडीसारखी दिसायला लागली. मी म्हणालो, "सरक रं गड्या, जरा दुसरी बाजू कर."

"त्यो सरकंल," मागून आवाज आला. "तुमी बी सरका." हवालदार डबा हातात धरून उभा होता. "मेंबर, सरकारी ताब्यातला पुरावा कातरताय?"

त्याच्या मागं हॉटेलवाला. डबा त्याच्याच हॉटेलातला होता.

"राहू द्या, हवालदार," हॉटेलवाला म्हणाला, "पाऊस न्हाई, छत्री मिटून ठेवत्यात."

मी आप्पांचा विचार केला. खरं सांगायचं तर आप्पांच्या न घेतलेल्या चहाचा. म्हणालो, "आणा मोबाईल."

पहिल्यांदा मी इतकं भरभर बोललो की हवालदार म्हणाला, "वायरलेसवर बी एवढी घाई नसती." दुसऱ्यांदा "मला माफ करा" ऐवजी सवयीनं तोंडातून "मला विजयी करा" गेलं. तिसऱ्यांदा नीट झालं. मेंढा सोडवला आणि आप्पांच्या मेंढरांच्या वाड्यावर नेऊन बांधला. त्यांनी कातरलेल्या कुशीवरून हात फिरवला. मग चहा मागवला.

गुरुवारी सकाळी घंटागाडी नेमकी कळपाच्या वेळेला आली. मी दाराआड उभा होतो. बायको कचऱ्याची बादली घेऊन बाहेर गेली आणि सगळं संपेपर्यंत ऐकत उभी राहिली. रस्त्यानं आप्पा, घोडं, कुत्री आणि मेंढरं निघाली होती, मेंढा सगळ्यांच्या पुढं. भोंग्यातून माझा आवाज आला, "गावकरी बंधूंनो, मी माझं जनावर..." आणि मेंढा थबकला. महिनाभर याच आवाजानं त्याला पेंड घातली होती. तो वळला आणि घंटागाडीमागं चालू लागला. त्याच्या मागं साठ मेंढरं.

"आरं, बंद कर त्यो भोंगा!" आप्पा ओरडले.

ड्रायव्हर म्हणाला, "ठरावात न्हाई बसत."

कोपऱ्यावर हवालदार दोरी सारखी करत उभा होता. "मेंबर," तो म्हणाला, "मोकाट दिसतंय."

मी बनियनवर धावलो. मेंढ्याच्या गळ्यात हात टाकला आणि त्याला फिरवायला गेलो, पण आवाजापुढं माझं काही चालेना. पेंड देणारा तो भोंगाच, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. शेवटी आप्पाच म्हणाले, "चालू दे तसंच. गाडी येशीपतोर जाती न्हवं? रस्ता त्योच हाय."

मग बाजारपेठेतून गावाच्या वेशीपर्यंत पुढं माझा आवाज, त्याच्या मागं मेंढा, मेंढ्याला धरून मी आणि माझ्या मागं साठ मेंढरं, असे आम्ही गेलो. हॉटेलवाल्याच्या दोन्ही गाई दावणीला बांधलेल्या दिसल्या. तो हात जोडून उभा होता. मीही सवयीनं हात जोडले. तेवढ्यात मेंढा सुटला, तो पुन्हा धरावा लागला.