मेल्विनाच्या पॅनकेकमधलं बटण

मेल्विना हर्नच्या घरी सण कधी कमी पडले नाहीत. चर्चचे सण सगळ्या गावाचे, पण हिचे खाण्याचे सण निराळे. जानेवारीत पाईचा दिवस, थंडी ऐन भरात आली की सूपचा, उन्हाळ्यात ब्लूबेरीचा, मध्येच कधीतरी बिस्किटांचा. सकाळी रेडिओवरच्या बाईने हसत हसत सांगायचं की आज अमुक पदार्थाचा दिवस, आणि हिने ते खुद्द पोपचं फर्मान असल्यासारखं मनावर घ्यायचं. दुपारपर्यंत लोखंडी चूल तापलेली, टेबलभर मैदा सांडलेला, आणि मला फोन, "ट्रिफी, येतेस की ताटली घेऊन मीच येऊ?"

मी तिची शेजारीण. दोन घरांमध्ये एक लाकडी कुंपण आहे, तेही हिवाळाभर बर्फाखाली असतं. न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर वारा सुटला की माणूस दाराबाहेर पडायचं नाव घेत नाही, पण मेल्विनाच्या पाईचा वास सुटला की पडतो. मासळीचा कारखाना होता तोवर आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून कॉड साफ करायचो. कारखाना बंद पडला तशी ती शाळेत स्वयंपाकाला लागली. लग्न केलं नाही. आईचं दुखणं काढलं, भावंडं एकेक करून बाहेर गेली, आणि घर रिकामं झालं तेव्हा हिने कॅलेंडर भरून टाकलं. तिच्या सणांचं कारण मला विचाराल तर हे. तिला विचारलं तर म्हणेल, "अगं, लोणी संपवायचं होतं."

प्रत्येक सणाला अँब्रोज टोबिन हजर. वळणावरच्या हिरव्या घरात राहणारा, होड्या दुरुस्त करणारा, उंच, कमी बोलणारा. आल्या आल्या बूट काढणार, चुलीत दोन लाकडं सारणार, पुढ्यात येईल ते खाणार आणि म्हणणार, "बरी झालीय." संपलं. त्या एका "बरी"वर मेल्विनाचा आठवडा जायचा, हे सगळ्या गावाला दिसत होतं. दिसत नव्हतं ते फक्त त्या दोघांना.

तर गेल्या जानेवारीत, पाईच्या दिवशी, अँब्रोजने दुसरा तुकडा संपवला, काटा ताटलीत आडवा ठेवला आणि म्हणाला, "अल्बर्टाहून भावाचा फोन होता. तिकडे काम आहे म्हणतो. ईस्टर झाला की निघेन."

"किती दिवसांसाठी?" मी विचारलं.

"घर विकायला काढतोय," तो म्हणाला. म्हणजे कायमचंच, आणि तेही देशाच्या पार दुसऱ्या बाजूला.

मेल्विना चुलीकडे तोंड करून उभी होती. "तिकडची थंडी कोरडी असते म्हणे," ती म्हणाली. "तुझ्या गुडघ्यांना बरं."

दुसऱ्या दिवशी तिने मला सफरचंदाची पाई पाठवली, तिच्यात साखरेच्या जागी मीठ होतं. तेव्हा मला काळजी वाटली. हा माणूस गेला तर मेल्विना सण करेल, पण नुसते करायचे म्हणून करेल, आणि ते मला पाहवलं नसतं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. मी बूट चढवले आणि थेट अँब्रोजच्या शेडमध्ये गेले.

तो उलट्या होडीचा जुना रंग खरवडत होता.

"तिला एकदा विचारून तरी जा रे, मेल्या," मी म्हटलं.

"कोणाला?"

"इंग्लंडच्या राणीला. कोणाला म्हणजे काय?"

तो खरवडत राहिला. मग म्हणाला, "तिने उत्तर दिलंय. दर वर्षी देते."

"कसलं उत्तर?"

"बटण."

मी रंगाच्या डब्यावर बसलेच. ईस्टरच्या आधीचा उपवास लागायच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पॅनकेक असतात, आणि त्यांच्या पोटात वस्तू घालतात. अंगठी आली त्याचं वर्षात लग्न, नाणं आलं तो श्रीमंत, खिळा आला तो सुतार, आणि बटण आलं तो जन्माचा सडाफटिंग. ज्याचं त्याचं नशीब म्हणून खायचं असतं. पण मेल्विनाच्या तव्यावर नशिबाचं काही चालत नाही. कोणता पॅनकेक कोणाच्या ताटलीत जायचा ते तीच ठरवते, आणि ते न कळण्याइतकं भोळं गावात कोणी नाही. अँब्रोजला दर वर्षी तेच येतं, तिच्या वडिलांच्या कोटाचं मोठं तपकिरी बटण.

"चांगली बाई आहे, तोंडावर नको म्हणत नाही," अँब्रोज म्हणाला. "पॅनकेकमधून सांगते. मग मी विचारून कशाला तिची पंचाईत करू?"

तिथून मी तशीच मेल्विनाकडे. ती बटाटे सोलत होती.

"तू त्याला दर वर्षी बटण का घालतेस गं?"

"कोणाला?" हीसुद्धा तसलीच.

तिने आणखी एक बटाटा सोलला. "रिटा डॉयलमुळे," ती शेवटी म्हणाली. "ती नव्याने विधवा झाली होती, आठवतं? लिपस्टिक लावून त्याच्या शेजारी बसली होती पॅनकेकला. मी म्हटलं, याला बटण आलं की ती समजेल काय ते. हात लावायचा नाही, असा त्याचा अर्थ."

"रिटा त्याच वर्षी सेंट जॉन्सला राहायला गेली. पुढच्या वर्षी कोणासाठी घातलंस?"

तिने सोललेलाच बटाटा पुन्हा सोलायला घेतला. मग म्हणाली, "बटण दाताखाली आलं की तो वर बघायचा. माझ्याकडे. वर्षातून तेवढं एकदा बघायचा."

"त्याला वाटतं, तू नको म्हणतेयस," मी सांगितलं.

बटाटा पातेल्यात पडला. "गाढव," ती म्हणाली. कोण, ते मी विचारलं नाही.

"मग जा आणि सांग त्याला."

"मी? पाई मी करायची, पॅनकेक मी करायचे, आता मागणीही मीच घालू?" तिचे कान लाल झाले होते. "जे सांगायचं ते तव्यावरून सांगेन. माझ्या आईची अंगठी आहे. ती त्याच्या ताटलीत जाईल. त्यावरही नाही कळलं तर जाऊ दे त्याला अल्बर्टाला."

पॅनकेकच्या संध्याकाळी मेल्विनाने रविवारचा निळा स्वेटर घातला होता, वर एप्रन. टेबलाशी आम्ही नेहमीचेच लोक. मी, माझा नवरा गस, अँब्रोज, आणि सगळ्या गावाची फिलोमेना मावशी, जिला दिसतं कमी आणि खायला लागतं जास्त. काकवीचा जग फिरला. मेल्विना एकेक ताटली आणून ठेवत होती. अँब्रोजपुढची ताटली मात्र तिने जवळजवळ आपटलीच.

"त्याचा मोठा आहे," फिलोमेना मावशी म्हणाली. "माझा बघ केवढासा. आण रे इकडे तुझा."

आणि त्या शहाण्याने दिला. ताटल्या बदलल्या. मेल्विना उलथनं हातात धरून चुलीपाशी उभी, आणि मी टेबलाखाली गसचा पाय तुडवत होते, ज्याचा त्या प्रकरणाशी काही संबंध नव्हता.

मावशीने चौथ्या घासाला अंगठी बाहेर काढली. काकवी चाटून ती दिव्याकडे धरली. "घ्या," ती म्हणाली. "आता मला नवरा. दात असताना का नाही आला मेला?"

गस हसून हसून खोकायला लागला. मेल्विनाने एप्रन सोडला, खुंटीवर टांगला आणि सिंककडे वळली. तिला रडू येत होतं, आणि मावशीच्या जिभेला आवरायला माझ्याकडे काही नव्हतं.

अँब्रोज मात्र खात होता. सावकाश, एकेक घास चावून, जिभेने चाचपून. शेवटचा तुकडाही काट्याने उघडून पाहिला. मग तो रिकाम्या ताटलीकडे बघत राहिला.

"मेल्विना," तो म्हणाला, "ती ताटली माझी होती. मग माझं बटण कुठाय?"

तिने मागे वळून पाहिलं. निळ्या स्वेटरवर चार पांढरी बटणं, आणि मधोमध एक मोठं तपकिरी, जाड दोऱ्याने पक्कं शिवलेलं.

"इथलं तुटलं होतं," ती म्हणाली. "ते तुला यापुढे मिळायचं नाही."

अँब्रोज इतका वेळ त्या बटणाकडे बघत राहिला की गसचं हसणं थांबलं. मग तो उठला. मावशीपुढे हात पसरून म्हणाला, "ती अंगठी द्या."

"मला आलीय."

"उन्हाळाभर ब्लूबेरी पाई पोचवीन."

"करणार कोण ती?"

"ती करेल. मी आणून देईन," तो म्हणाला. "मी इथेच असणार आहे."

मावशीने अंगठी दिली. अँब्रोजने मेल्विनाला खांदे धरून स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. तिच्या घरात, सणाच्या दिवशी, तिला बसलेलं मी प्रथमच पाहत होते. त्याने उरलंसुरलं पीठ तव्यावर ओतलं आणि आम्हा सगळ्यांच्या देखत अंगठी त्याच्या मधोमध ठेवली. होडी उलटवणाऱ्या माणसाला पॅनकेक उलटता येईना. एका बाजूने करपला, दुसऱ्या बाजूने फाटला. तसाच त्याने तो तिच्यापुढे ठेवला.

मेल्विनाने आधी अंगठी काढून बोटात घातली. मग काकवी ओतली आणि तो करपलेला पॅनकेक शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. अँब्रोज समोर उभा राहून वाट बघत होता.

तिने तोंड पुसलं. "बरा झालाय," ती म्हणाली.