शिक्केसाहेबांची झालरवाली कोरफड

वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर म्हणून उभी हयात काढल्यामुळे त्यांना सगळे शिक्केसाहेब म्हणत. दुकानांतले तराजू तपासायचे, शिक्का मारायचा आणि पुढच्या दुकानात जायचं, एवढंच त्यांचं काम. शिक्क्यावर खात्याची खूण असायची, वर्षाचा आकडा असायचा, साहेबांचं नाव कुठेच नसायचं. घर बायकोच्या नावावर, गाडी मुलाच्या. दारावरची पाटीसुद्धा सासऱ्यांच्या वेळची. ती बदलायचा विषय त्यांनी काढला की बायको जेवणाचं ताट असं आदळायची की विषय तिथेच मिटायचा. एवढं जगून आपलं नाव कशावर म्हणून नाही, हे दुःख साहेबांनी कुणाला सांगितलं नाही. पण ते सगळ्यांना माहीत होतं.

निवृत्त झाल्यावर ते सक्युलंट आणि ब्रोमेलियाड मंडळात, म्हणजे कोरफडीसारखी जाड पानांची आणि अननसाच्या कुळातली शोभेची झाडं जपणाऱ्यांत, शिरले आणि बघता बघता अध्यक्ष झाले. लायकीचा प्रश्न नव्हता. वाचनालयाच्या माडीवरच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे तो अध्यक्ष, अशी मंडळाची रीत होती. साहेबांनी ती एकदा मागून घेतली, ती पुन्हा दिलीच नाही.

मंडळात दोन तट होते. सक्युलंटवाले म्हणायचे, ब्रोमेलियाड म्हणजे पोटात पाणी साठवून डासांची बाळंतपणं करणारी झाडं. ब्रोमेलियाडवाले म्हणायचे, सक्युलंटचं सगळं कर्तृत्व काय, तर ती मरत नाहीत. दोन्ही तटांना धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे फुकटची पिल्लं. झाडाच्या बुडाशी फुटलेली पिल्लं सभेत वाटायची आणि ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव कुंडीतल्या पट्टीवर लिहायचं, असा नियम होता. साहेब कुणाच्याही घरी गेले की आधी कुंड्यांत वाकून आपल्या नावाच्या पट्ट्या शोधत. यजमानांची खुशाली नंतर.

त्यांची मेहुणी ब्रोमेलियाडवाल्यांत होती. तरणतलावावर पोहायला शिकवायची, त्यामुळे आवाज खणखणीत आणि भीड कुणाची नाही. ब्रोमेलियाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि मग मरतं, हे एका सभेत कुणी नव्या सदस्याला समजावत होतं. "एकदा तरी फुलतं ना," ती दाजींकडे बघून म्हणाली. सगळी खोली हसली. साहेबांनी ते मनात ठेवलं.

अशात एक दिवस त्यांच्या बाल्कनीतल्या बुटक्या कोरफडीच्या बेचक्यात गुलाबी-हिरवी, दातेरी झालर फुटली. साहेब तासभर उकिडवे बसून बघत राहिले. अशी कोरफड त्यांनी ना पुस्तकात पाहिली होती, ना कुणाच्या घरी. नवी जात! आणि नवी जात सापडली की ती शोधणाऱ्याच्या नावाने नोंदवतात. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाला परीक्षकांनी येऊन एकदा पसंतीची मान डोलावली की झालं. त्या रात्री त्यांनी आपलं आडनाव आणि त्यापुढे 'कोरफड' असं दहादा मोठ्याने म्हणून पाहिलं. शेवटी पलीकडून उशी आली.

पुढच्या सभेत झाड टेबलावर ठेवलं गेलं. दातांचे डॉक्टर चष्मा सावरून म्हणाले, "अलौकिक! नुकते दात येतायत असं वाटतं." डॉक्टरांना पिल्लू हवं होतं.

मेहुणी वाकली, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "दाजी, याला गालगुंड झालंय. कुणाला तरी दाखवा."

"तुला यातलं पिल्लू मिळणार नाही," साहेब म्हणाले.

"मागितलंय कुणी? माझी धडधाकट आहेत ती पुरेत मला."

तिच्याशिवाय बाकी सगळ्यांनी मागितलं. साहेबांना हरभऱ्याच्या झाडावर चढवण्याची मंडळात चढाओढ लागली. जो जास्त चढवेल त्याला पिल्लू आधी. त्यासाठी साहेब एकाच सुरीने सगळ्या कोरफडी कापत, एकाच ब्रशने सगळ्यांची धूळ झाडत. थोड्याच दिवसांत शेजारच्या कुंडीतही झालर फुटली, मग तिच्या शेजारच्या. दुसरा कुणी असता तर हबकला असता. साहेबांनी मात्र बायकोपुढे दोन्ही पंजे पसरले. "हाताला गुण असावा लागतो."

"गुण नाही तो. वाण लागलाय," बायको म्हणाली. तिचं कोण ऐकतंय?

मग घराघरांतून फोन सुरू झाले. "साहेब, आमच्याकडेही आली हो झालर!" दातांच्या डॉक्टरांनी तर तोंड उघडून बसलेल्या पेशंटला तसंच ठेवून फोन केला. पाळणा हलल्यासारखी अभिनंदनं झाली. प्रत्येक झालरीखाली साहेबांच्या नावाची पट्टी होती. माणसाला आणखी काय हवं?

परीक्षक बाई यायच्या आदल्या दिवशी साहेब झाडाला शेवटचा हात फिरवायला बसले आणि काहीतरी खटकलं. झाड मधोमध खुंटलं होतं. नवं पान नाही, आणि जुनी पानं झालरीच्या भाराने पिळवटलेली. खात्यातलं भिंग खणात होतं. त्यांनी ते काढलं, पुसलं, झाडाजवळ नेलं आणि डोळ्याला न लावता परत खणात ठेवलं. पारड्याच्या बुडाला मेण चिकटवलेला दुकानदार इन्स्पेक्टरला बघून उगाच हसतो, ते हसू त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. तेच आता आपल्या तोंडावर आलंय हे त्यांना नीट कळलं. कळूनही त्यांनी झाडाच्या कुंडीला नवा रंग दिला.

प्रदर्शनाच्या दिवशी माडीवरची खोली भरली होती. परीक्षक बाई ब्रोमेलियाडच्या टेबलांवरून हात फिरवत, मान डोलावत आल्या आणि झालरवाल्या कोरफडीपासून दोन पावलांवर थांबल्या. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"हे किती जणांकडे आहे?"

साहेबांनी सभेकडे वळून अभिमानाने मान हलवली. भराभर हात वर झाले. दातांच्या डॉक्टरांनी दोन वर केले, कारण त्यांच्याकडे दोन होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असणार?

"मग सगळे आत्ताच्या आत्ता घरी जा," बाई म्हणाल्या. "झाडं पिशवीत घट्ट बांधा आणि जाळून टाका. शेजारच्या कोरफडीही. हा रोग आहे. नुसत्या डोळ्याला न दिसणारा कोळी, म्हणजे एक कीडच, पानात शिरतो आणि या गाठी करतो. एरवी वाऱ्याने पसरतो. इथे वाऱ्याची गरज पडलेली दिसत नाही."

हात हळूहळू खाली आले. दातांचे डॉक्टर म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो." मग सगळेच पहिल्या दिवसापासून म्हणत होते. कुणी पस्तीस वर्षं सांभाळलेली कोरफड आठवून रडायला लागलं. आजच्या टेबलांवरच्या कुंड्यांतूनही साहेबांच्या नावाच्या पट्ट्या उपटून फेकल्या जात होत्या. साहेब भिंतीला टेकून उभे होते. भिंग डोळ्याला लावलं असतं तर निदान एक दिवस आधी सांगता आलं असतं, हे त्यांना कुणी सुनावलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. तेवढं एक गुपित त्यांच्यापाशी उरलं आणि ते त्यांना पुरेसं बोचत होतं.

मेहुणीच्या घरची झाडं तेवढी वाचली होती. ती आता काय बोलते म्हणून सगळे कान टवकारून होते. ती म्हणाली, "चला दाजी. बाल्कनी रिकामी करायची आहे. मी येते मदतीला."

दोघं जिना उतरून खाली आले तेव्हा परीक्षक बाई ते झाड पिशवीत बांधून गाडीच्या डिकीत ठेवत होत्या, प्रयोगशाळेत न्यायला. मेहुणी चार पावलं पुढे झाली. साहेब घुटमळले आणि मग पटकन गाडीशी गेले.

"बाई, एक विचारू का? म्हणजे सहजच."

"विचारा ना."

"हा जो कोळी आहे..." साहेबांनी आवाज खाली आणला. "त्याला आधीच कुणाचं नाव वगैरे दिलेलं आहे का?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "आहे. फार वर्षांपूर्वीच दिलंय."

"बरं, बरं. नाही, म्हटलं नसेल तर..." साहेब म्हणाले.

डिकी बंद झाली. मेहुणीने सगळं ऐकलं होतं. एवढी आयती संधी समोर होती, पण पहिल्यांदाच तिला दाजींवर हसता आलं नाही. तिने त्यांचा हात धरून रस्ता ओलांडला.