कोरियन गुरूंनी ‘जा’ म्हटले तेव्हा

“आमचे डॉक्टरमित्र त्या कोरियन वैद्याच्या वर्गात आयुर्वेदाची घमेंड मिरवू लागले, तेव्हा त्या शांत गृहस्थांनी दाराकडे हात करून चक्क मराठीत ‘जा, जा’ असे फर्मावले आणि डॉक्टरमहाशय मुकाट्याने बाहेर पडले. मी स्वतः दारात उभा होतो. चिनी-कोरियन वैद्यकाशी त्यांचा संबंध तेथेच संपला.”

हा मजकूर आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत माझ्याविषयी छापून आला आहे. लिहिणारे गृहस्थ इंजिनिअर आहेत, माझ्याच वयाचे आहेत आणि प्रकृतीने ठणठणीत आहेत. म्हणूनच मी आज लेखणी उचलली. मेलेल्या माणसाशी भांडणे मला मान्य नाही. आणि मी आधी गेलो तर त्यांचेच म्हणणे मागे उरेल, तेही मला मान्य नाही.

पत्नी म्हणते, “अहो, हसण्यावारी न्या ना. म्हातारपणी कसली ही खुन्नस!” मी आयुष्यभर हसण्यावारीच नेले. परंतु आमची नात येथे जर्मनीत वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिने ऐच्छिक विषय म्हणून, ज्याला येथे वाल्फाख म्हणतात, चिनी आणि कोरियन वैद्यक निवडले ते केवळ मी ते शिकलो होतो म्हणून. तिला मराठी समजते, वाचता येत नाही. मुलाने तिला तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. तिने माझ्याकडे पाहून विचारले, “ओपा, श्टिम्ट दास?” आजोबा, हे खरे आहे का? त्या प्रश्नात थट्टा नव्हती. शंका होती. ती शंका माझ्या घरात आणून ठेवणाऱ्याला मी क्षमा करणार नाही.

तर आता ऐका.

साठच्या दशकाच्या आरंभी मी कोलोनच्या एका रुग्णालयात सहायक डॉक्टर होतो आणि हे गृहस्थ तांत्रिक विषयात डॉक्टरेट करीत होते. दोघेही एकाच घरमालकिणीचे भाडेकरू. माझी खोली जिन्याच्या डावीकडे, त्यांची उजवीकडे. विभागप्रमुखांनी तरुण डॉक्टरांसाठी काही ऐच्छिक अभ्यासवर्ग सुरू केले होते. बहुतेकांनी क्ष-किरण नाहीतर भूलशास्त्र घेतले. तळमजल्यावरच्या एका खोलीत बुधवारी दुपारी भरणाऱ्या चिनी-कोरियन वैद्यकाच्या वर्गाला आम्ही मोजकेच जण गेलो. जर्मन सहकारी त्याला ‘शिवणकामाचा वर्ग’ म्हणत. ज्यांना सुई फक्त औषध आत ढकलण्यासाठी असते एवढेच ठाऊक, त्यांच्याकडून मला वेगळी अपेक्षा नव्हती.

शिकवणारे कोरियन वैद्य साठीचे होते. त्यांना जर्मन जवळजवळ येत नसे. त्यांचे बोलणे एक वृद्ध जर्मन जोगीण भाषांतरित करी; ती मिशनच्या कामासाठी तारुण्यात कोरियात गेली होती आणि अर्धे आयुष्य तेथे काढून परतली होती. गुरू हळू आवाजात दोन वाक्ये बोलत, ती खणखणीत आवाजात चार बोले. चिनी ग्रंथांतले सुया टोचायचे बिंदू ते शिकवीत, आणि कोरियात रुजलेली एक पद्धतही शिकवीत, जिच्यात माणसांचे प्रकृतीनुसार चार प्रकार मानतात आणि एकाच दुखण्याला प्रकृती पाहून निराळे औषध देतात. जर्मनांना हे चमत्कारिक वाटे. मला ते ऐकताना घरी आल्यासारखे वाटे, कारण माझे वडील वैद्य होते आणि ‘अमुक रोगावर काय द्यावे’ असे कोणी विचारले की ते विचारणाऱ्यालाच दटावीत, “कोणाच्या रोगावर, ते आधी सांगा!”

स्मरणिकेतली ‘आयुर्वेदाची घमेंड’ ती हीच. घमेंड म्हणा. ज्याला बापाच्या विद्येचा अभिमान नाही त्याने दुसऱ्याच्या बापाची विद्या शिकायला जाऊ नये.

ज्या बुधवारी ते प्रकरण घडले त्या दिवशी नाडी शिकायची होती. त्यांच्याकडेही आपल्यासारखीच तीन बोटे ठेवतात, परंतु दोन्ही मनगटांवर, आणि प्रत्येक बोटाखाली वेगळे इंद्रिय बोलते असे मानतात. शेजारी बसलेल्या जर्मन डॉक्टरची नाडी मला पाहायची होती. मी त्याचा उजवा हात धरला. आपल्याकडे पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा हात आधी पाहतात. लहानपणापासून मी वडिलांना तेच करताना पाहिले होते. गुरू जवळ आले, त्यांनी मान हलवली आणि माझी बोटे अलगद उचलून त्या डॉक्टरच्या डाव्या मनगटावर नेली.

मी उभा राहिलो. म्हणालो, “ही चूक नाही. आमच्या देशात पुरुषाचा उजवाच धरतात.”

जोगिणीने ते कोरियनमध्ये सांगितले. गुरूंनी काही विचारले. ती गंभीर चेहऱ्याने मला म्हणाली, “ते विचारताहेत, तुमच्या देशात पुरुषांचे हृदय कुठल्या बाजूला असते?”

वर्ग हसला. मीही चिडून उत्तर दिले, “त्यांना सांगा, ज्या बाजूला त्यांचे असते त्याच बाजूला. फक्त आम्ही त्याची चौकशी दुरून करतो.”

ते भाषांतर ऐकताच गुरू असे हसले की त्यांचे डोळे दिसेनासे झाले. त्यांनी कोटाची बाही वर सारली, आपले स्वतःचे डावे मनगट माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, “जा, जा.”

आणि मी दाराकडे गेलो. हे खरे आहे. यापुढचे मात्र त्या गृहस्थांना दिसले नाही, कारण दारात डोकावून तेवढे ऐकताच ते पाय लावून पळाले. मला जेवायला बोलावण्यासाठी ते आले होते. वर्गात फक्त डॉक्टरांना प्रवेश होता, म्हणून दार किलकिले करून उभे होते. त्या खोलीत हात धुण्याचे बेसिन दाराला लागून होते. गार बोटांनी नाडी पाहायची नाही हा गुरूंचा पहिला नियम. कोणाच्याही मनगटाला हात लावण्यापूर्वी कोमट पाण्याखाली बोटे धरावी लागत. मी बेसिनपाशी गेलो, बोटे शेकली, परत आलो आणि गुरूंची नाडी पाहिली. वर्गात त्या दिवशी स्वतःचा हात त्यांनी दुसऱ्या कोणालाही दिला नाही.

त्या शब्दाचा अर्थ मी तेव्हाच जोगिणीला विचारला. मराठी कानाला तो झोंबतोच. ती म्हणाली, “कोरियन आई मुलाच्या हातात फळाची फोड ठेवताना असे म्हणते. ‘हं, घे.’ त्यात दुसरे काही नाही.” म्हणजे ज्याला आपण हाकलणे समजतो ते त्या भाषेत देणे असते. माझ्यापुढे मनगट धरून माझे गुरू ‘घे’ म्हणाले होते.

त्या दिवशी आमच्या नेहमीच्या खाणावळीत मी पोहोचलो तेव्हा मराठी मुलांचे टेबल भरलेले होते आणि गोष्ट माझ्याआधी येऊन बसली होती.

“या डॉक्टर, या! की ‘या’ म्हटलेलं तुम्हाला आता कळत नाही?” एकजण ओरडला.

आमचे गृहस्थ उभे राहून भाषण करीत होते. “अरे, हे जर्मन लोक उठता-बसता सगळ्यांना ‘या, या’ म्हणतात. होकार द्यायचा तरी ‘या’. अख्ख्या जर्मनीत ‘जा’ म्हणणारा एकच निघाला, आणि तो नेमका ह्याला भेटला!”

विनोद चांगला होता. आजही मी ते नाकारीत नाही. मी शब्दाचा खरा अर्थ सांगितला, बेसिनचे सांगितले. “हो, हो, हात धुवायलाच गेला होतास. विद्येवरून हात धुवायला!” असे ते म्हणाले आणि पुन्हा हशा झाला. खंडनाला हशा मिळत नाही, हे मी त्या टेबलावर शिकलो.

पुढे ही गोष्ट वाढत गेली. फ्रँकफर्टला एका लग्नात ती मला ऐकवण्यात आली तेव्हा गुरूंनी मला दंड धरून बाहेर काढले होते. हॅनोव्हरच्या एका दिवाळी-मेळाव्यात एका तरुणाने मला ओळखले नाही आणि मलाच सांगितले, की एका मराठी डॉक्टरला म्हणे कोरियन वैद्याने सुई दाखवताच घेरी आली. कथाकाराचे नाव विचारले तर प्रत्येक वेळी तेच. मी प्रत्येक वेळी गप्प राहिलो, कारण लोक हसत होते आणि मला सुज्ञ दिसायचे होते. सुज्ञपणाची किंमत अशी की आता ती थट्टा इतिहास म्हणून छापली गेली, आणि तिच्या शेवटी एक वाक्य जोडले गेले: ‘संबंध तेथेच संपला.’

थट्टेबद्दल मी लेखणी उचलली नसती. या वाक्याबद्दल उचलली. मी त्या वर्गात शेवटपर्यंत होतो. पुढे माझ्या दवाखान्यात त्याच पद्धतीने अनेकांच्या सांध्यांवर आणि डोकेदुखीवर उपचार केले, आणि गुरूंचे नाव घेतल्याशिवाय सुई उचलली नाही. हे गृहस्थ लिहितात त्याप्रमाणे मी हाकललेला विद्यार्थी असेन, तर आयुष्यभर मी दुसऱ्याची विद्या चोरून वापरली असा त्याचा अर्थ होतो. माझ्या नातीने तो अर्थ बरोबर ओळखला.

मंडळातले काही सद्गृहस्थ म्हणतात, साठ वर्षांनी कोणाची स्मृती खरी मानायची? त्यांना साक्षीदार हवा. गुरू गेले, जोगीण गेली, वर्गातला माझा जर्मन शेजारी कोठे आहे ते मला ठाऊक नाही. ठीक आहे. मी अशा साक्षीदाराला बोलावतो, ज्याची स्मृती त्यांना खरी मानावीच लागेल, कारण स्मरणिकेत त्यांनी तीच छापली आहे.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात हे इंजिनिअर गृहस्थ बर्फावरून घसरले आणि कमरेत वाकून बसले. सरळ उभे राहता येईना, की जिना उतरता येईना. रुग्णालयाने गोळ्या देऊन परत पाठवले. घरमालकीण आणि मी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून बुधवारी दुपारी तळमजल्यावरच्या त्या खोलीत नेले, कारण गुरूंना वर्गासाठी खऱ्या कंबरदुखीचा रोगी हवा होता. त्यांना टेबलावर पालथे निजवले. गुरूंनी दोन्ही हातांची नाडी पाहिली, गुडघ्यामागच्या खळगीत बोटाने जागा दाबून दाखवली आणि मग ते बाजूला सरले. ‘आई गं, अरे हळू, मेलो!’ असे ओरडत, ज्या खोलीतून मी केव्हाच हाकलला गेलो होतो म्हणतात त्याच खोलीत, त्यांनी आपला पाय ज्याच्या हातात दिला आणि ज्याच्या सुईनंतर ते स्वतःच्या पायांनी जिना चढून घरी आले, तो विद्यार्थी मी होतो.